जनावरांना भूल देताना

गाईच्या पोटात तार जाते, घोड्याचा पाय खोल चिरतो, कुत्रीची वेत अडते. अशा वेळी शस्त्रक्रिया अटळ असते. माणसाला ‘हलू नका’ असे सांगता येते, आणि दुखले तर तो तसे बोलतोही. मुक्या जनावराच्या बाबतीत ही दोन्ही कामे पशुवैद्यालाच करावी लागतात. म्हणूनच भुलेच्या औषधांचा अभ्यास महत्त्वाचा आहे.

प्रथम गुंगी आणि भूल यांतील फरक ध्यानात घेऊ. असिप्रोमाझिन टोचले की जनावर शांत होते, मान खाली घालते. पण त्याची वेदना कमी होत नाही. तेव्हा शांत उभे असलेले जनावर वेदनामुक्त असतेच असे नाही. शस्त्र लावायचे असेल, तर वेदना थांबवणारे औषध वेगळे द्यावेच लागते.

दुसरी गोष्ट अशी की, एकच औषध सर्व प्राण्यांवर सारखे काम करीत नाही. झायलाझिन हे औषध १९६२ साली जर्मनीत तयार झाले. त्याने गुंगी येते व वेदनाही काही प्रमाणात कमी होते. शिरेतून देताना दर किलो वजनामागे घोड्याला ते सुमारे १ मिलिग्रॅम लागते. गाईला मात्र ०.१ मिलिग्रॅमही पुरते, म्हणजे एक दशांश! घोड्याची मात्रा गाईला दिली तर प्राणावर बेतेल. शिवाय या औषधाने गर्भाशय आकुंचन पावते; म्हणून शेवटच्या महिन्यांतील गाभण गाईला ते टाळतात.

गाय-म्हशींची आणखी एक अडचण म्हणजे त्यांचे कोठीपोट. त्यात चारा आंबून सतत वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. जनावर भुलेखाली आडवे झाले की ढेकर थांबते, पोट फुगते आणि श्वासपटलावर दाब येतो. पोटातले पाणी व चारा घशात येऊन फुप्फुसात जाण्याचाही धोका असतो. म्हणून मोठ्या जनावराला आधी सुमारे २४ तास चारा देत नाहीत. शक्य तेथे त्याला आडवे न पाडता उभ्यानेच शस्त्रक्रिया करतात. पोटातील तार काढताना कण्याजवळ, डाव्या भकाळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपाशी लिग्नोकेन टोचतात. भकाळी बधिर होते, गाय शुद्धीवर राहते व ढेकरही चालू राहते.

आता वायूंकडे वळू. माणसांच्या शस्त्रक्रियेत ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ साली झाले, तर क्लोरोफॉर्म १८४७ साली आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद सोडवण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने कुत्र्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधी थांबतो, तेव्हा श्वासाकडेच लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. परंतु १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, हलक्या भुलेत हृदयच एकाएकी बंद पडू शकते. तेव्हापासूनचा धडा असा की, श्वास आणि नाडी दोन्ही पाहावीत.

१९५६ साली हॅलोथेन वापरात आले. पुढे आयसोफ्लुरेनने त्याची जागा बऱ्याच ठिकाणी घेतली. हे औषध शरीरात फारसे न मुरता श्वासावाटेच बाहेर पडते, त्यामुळे भूल चटकन कमी-अधिक करता येते. नायट्रस ऑक्साइड मात्र पोटातल्या वायूत शिरून पोट अधिक फुगवतो, म्हणून गाय-म्हैस व घोडा यांना तो सोयीचा नाही.

भूल उतरतानाही काळजी घ्यावी लागते. घोडा अर्धवट शुद्धीत उठू लागला तर पडून पाय मोडून घेतो. केटामिन दिलेल्या मांजराचे डोळे उघडेच राहतात. मलम न लावल्यास ते कोरडे पडतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गोठा आहे. पशुवैद्य आले की जनावराचे अंदाजे वजन, ते गाभण आहे का, किती महिन्यांचे, आणि शेवटचा चारा कधी खाल्ला, एवढे न विचारताही सांगावे. औषधाची मात्रा या उत्तरांवरच ठरते आणि जनावराचा जीवही.