मोजणाऱ्याचे मोजमाप

नदीला पूर आला म्हणजे पाणी किती चढले, हे जाणण्यास फारशी विद्या लागत नाही. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, एवढे पाहिले की पुरे. विहिरीतील पाण्याचा अंदाजही असाच घेता येतो. काठावरून दोर सोडावा आणि तो पाण्याला टेकला म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतचा दोर मोजावा. या दोन्ही मोजमापांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे घाटाच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ आपापल्या जागी स्थिर आहेत. काठच जर वरखाली होऊ लागला, तर दोर कितीही काळजीपूर्वक मोजला तरी पाण्याची खरी पातळी कळणार नाही.

समुद्राची पातळी मोजण्याची जुनी रीत घाटाच्या पायऱ्यांसारखीच आहे. बंदरात भरतीमापक यंत्र बसवावयाचे आणि पाण्याचा चढउतार वर्षानुवर्षे नोंदवीत राहावयाचे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील अशा नोंदी १८७८ सालापासूनच्या आहेत. या नोंदींचे मोल मोठे आहे. तथापि त्यांना दोन मर्यादा आहेत. ज्या जमिनीवर बंदर उभे असते, ती जमीन स्वतःच हळूहळू खचते किंवा वर उचलली जाते. शिवाय भरतीमापक किनाऱ्यावर किंवा बेटावरच बसवता येतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग व्यापणाऱ्या महासागराच्या मध्यभागी घाट कोठून आणावा?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी आकाशात शोधले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर उंचीमापक रडार बसवतात. ते खाली समुद्राकडे रेडिओलहरींचा एक सूक्ष्म स्पंद सोडते. तो स्पंद पाण्यावर आपटून परत येतो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून उपग्रह आणि पाणी यांमधील अंतर कळते. हा जणू विहिरीत सोडलेला दोरच होय! परंतु या विहिरीचा काठ स्थिर नाही. तो सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतो. त्या क्षणी उपग्रह नेमका किती उंचीवर होता हे ठाऊक नसेल, तर पाण्यापर्यंतचे अंतर कळूनही समुद्राची पातळी कळत नाही. समुद्र मोजण्यापूर्वी मोजणाऱ्यालाच मोजावे लागते.

याचा अनुभव प्रारंभीच आला. १९७८ साली अमेरिकेने ‘सीसॅट’ नावाचा उपग्रह समुद्राच्या अभ्यासासाठी सोडला. विजेच्या यंत्रणेत बिघाड होऊन तो सुमारे साडेतीन महिन्यांतच निकामी झाला. त्याच्या रडारने पाण्यापर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरांइतक्या बारकाईने मोजले होते. परंतु त्याच्या स्वतःच्या उंचीविषयीचा अंदाज मात्र आरंभी एक मीटर किंवा त्याहूनही अधिक चुकत असे. दोर उत्तम होता, काठच अस्थिर होता.

उपग्रहाचा मार्ग असा अनिश्चित का असतो? पृथ्वी ही सर्वत्र सारख्या घनतेची नाही. कोठे तिचे गुरुत्वाकर्षण किंचित अधिक, तर कोठे किंचित उणे असते. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागराच्या एका विस्तीर्ण प्रदेशात ते इतके क्षीण आहे की, तेथील समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या सरासरी आकारापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे. अशा प्रदेशांवरून जाताना उपग्रहाचा मार्ग सूक्ष्मपणे वाकतो. विरळ हवा त्याला अडवते. सूर्यप्रकाशसुद्धा त्याला अतिशय हलकेच ढकलतो. या सर्वांचा परिणाम मिळून उपग्रह अपेक्षित जागेपासून ढळतो.

यासाठी १० ऑगस्ट १९९२ रोजी सोडलेल्या ‘टोपेक्स-पोसायडन’ या उपग्रहाची योजना मोठ्या विचाराने करण्यात आली. अमेरिका आणि फ्रान्स या दोन देशांचे हे संयुक्त कार्य होते. जेथे हवा अत्यंत विरळ आहे आणि गुरुत्वाकर्षणातील बारीक फरकही कमी जाणवतात, अशा १,३३६ किलोमीटर उंचीवर तो ठेवण्यात आला. दर दहा दिवसांनी तो पुन्हा त्याच मार्गावरून जात असे. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी एक नव्हे, तीन व्यवस्था होत्या.

पहिली व्यवस्था लेसर किरणांची. उपग्रहावर विशिष्ट आकाराचे आरसे बसवलेले होते. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने तो परत पाठवणे, हे या आरशांचे काम. पृथ्वीवरील वेधशाळेतून लेसरचा क्षणिक झोत उपग्रहावर सोडतात व तो परत येईपर्यंतचा वेळ मोजतात. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. उपग्रह डोक्यावर असताना हा सारा प्रवास एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो! ही रीत अत्यंत अचूक आहे. मात्र आकाश ढगाळ असेल, तर तिचा उपयोग होत नाही.

दुसरी व्यवस्था फ्रान्सने उभारलेली ‘डोरिस’ ही होय. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा शिटीचा स्वर उंच भासतो आणि ती दूर जाऊ लागली म्हणजे तोच स्वर उतरतो. रेडिओलहरींचेही तसेच घडते. १९५७ साली रशियाचा पहिला ‘स्पुटनिक’ आकाशात फिरू लागला, तेव्हा विल्यम गायर व जॉर्ज वाइफेनबाख या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याच्या संदेशातील हा चढउतार ऐकूनच त्याची कक्षा शोधून काढली होती. ‘डोरिस’मध्ये हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरले आहे. जगभर, अगदी दूरदूरच्या बेटांवरही, पन्नासाहून अधिक स्थानकांतून रेडिओसंदेश आकाशात सोडले जातात आणि उपग्रह त्यांच्या स्वरातील फरक टिपतो. येथे ढगांची अडचण नाही.

तिसरी व्यवस्था म्हणजे उपग्रहांनीच उपग्रहाला वाट दाखवणे. मोटारगाडीला रस्ता दाखवणारे जीपीएस उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यांचे संदेश ऐकून ‘टोपेक्स-पोसायडन’ही आपले स्थान जाणू शकत असे.

न्यायालयात तीन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष जुळली, तर ती विश्वसनीय ठरते. येथेही तसेच झाले. या उपग्रहाची उंची १३ सेंटिमीटरांपर्यंत अचूक कळावी, असे उद्दिष्ट आधी ठरवले होते. प्रत्यक्षात ती दोन ते तीन सेंटिमीटरांपर्यंत कळू लागली.

येथे कोणी विचारील की, भूस्थानके तरी स्थिर आहेत काय? नाहीत. ज्या भूखंडावर भारत वसलेला आहे, तोच मुळी दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. म्हणून स्थानकांच्या जागाही पुनःपुन्हा मोजाव्या लागतात. यासाठी १९७६ साली सोडलेला ‘लॅजिऑस’ हा उपग्रह फार उपयोगी पडला. केवळ साठ सेंटिमीटर व्यासाच्या या जड गोळ्यावर ४२६ परावर्तक आहेत, यंत्र मात्र एकही नाही. तो इतका उंच आणि त्याचा मार्ग इतका स्थिर आहे की, त्याच्यावर लेसर सोडून पृथ्वीवरील स्थानकांचे सरकणेच मोजता येते.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? १९९३ पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी दरवर्षी सुमारे तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक वेगाने वाढत गेली आणि तीस वर्षांत ती सुमारे दहा सेंटिमीटरांनी वर आली, हे या उपग्रहांमुळे कळले. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळते, ही त्याची मुख्य कारणे होत. तीन मिलिमीटर म्हणजे एका मोजमापातील चुकीपेक्षाही लहान अंतर. परंतु लक्षावधी मोजमापांची सरासरी काढली, तर इकडच्या व तिकडच्या चुका परस्परांना खोडून काढतात. सर्व चुका मात्र एकाच बाजूच्या असतील, तर त्या खोडल्या जात नाहीत. म्हणूनच उपग्रहाच्या स्थानाविषयी एवढी दक्षता घ्यावी लागते.

‘टोपेक्स-पोसायडन’चे कार्य २००६ साली संपले, परंतु नोंदींची साखळी तुटली नाही. त्याच मार्गावर २००१, २००८ व २०१६ साली ‘जेसन’ मालिकेतील तीन उपग्रह आणि २०२० साली ‘सेंटिनेल-६’ सोडण्यात आला. त्याचा जुळा भाऊ २०२५ साली आकाशात गेला. नवा उपग्रह आला की तो काही महिने जुन्याच्या मागोमाग चालतो. दोघे एकाच पाण्यावरून एका मिनिटाच्या आसपासच्या अंतराने जातात आणि त्यांची मोजमापे ताडून पाहिली जातात. त्यानंतरच काम नव्याच्या हाती सोपवले जाते.

या कार्यात भारतही मागे राहिला नाही. भारत व फ्रान्स यांनी मिळून तयार केलेला ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावर उंचीमापक रडार, ‘डोरिस’ आणि लेसरसाठी आरसे होते. त्याचे मोजमाप बरोबर आहे की नाही, हे लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटाजवळ प्रत्यक्ष पाण्यावर पडताळून पाहिले गेले. ही जागा अर्थपूर्ण आहे. समुद्रसपाटीपासून अवघे काही मीटर उंच असलेल्या या बेटांवरील लोकांना समुद्राची पातळी म्हणजे केवळ एक आकडा नव्हे. त्यांच्या विहिरींचे गोडे पाणी, माडांच्या बागा आणि घरे त्या आकड्यावर अवलंबून आहेत. तो आकडा खरा असावा, यासाठी आकाशातील मोजणाऱ्याला आधी आपले स्वतःचे स्थान तपासून पाहावे लागते.

स्वाध्याय

१. विहिरीचा दोर व उपग्रहावरील रडार यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. उपग्रह आपल्या मार्गापासून का ढळतो?
३. लेसर व ‘डोरिस’ या दोन व्यवस्थांची तुलना करा.
४. नवा उपग्रह जुन्याच्या मागोमाग का चालवतात?