पाठ १४ : परक्या भूमीवर, स्वतःच्या पायांवर

१४.१ प्रस्तावना

आज रायपूर, बिलासपूर किंवा नागपूरहून परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची बातमी आपल्याला नवलाची वाटत नाही. परंतु सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी स्थिती अगदी वेगळी होती. समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जाई. अशा काळात पंचवीस वर्षांची एक विधवा स्त्री दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन विलायतेला शिकायला गेली. तिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते आणि इंग्रजी तिला जेमतेम येत होते. तिकडे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ती कॉलेजची विद्यार्थिनी झाली. आपले मन मात्र तिने कोणाकडेही गहाण ठेवले नाही. त्या पंडिता रमाबाईंच्या विद्यार्थिदशेचा परिचय या पाठातून आपण करून घेणार आहोत.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील शिक्षणाची माहिती सांगता येईल;
• परक्या समाजात वावरताना येणाऱ्या अडचणी स्पष्ट करता येतील;
• कृतज्ञता आणि स्वाभिमान यांचा मेळ कसा घालता येतो, यावर स्वतःचे मत मांडता येईल;
• पाठातील वाक्प्रचारांचा व सामासिक शब्दांचा योग्य उपयोग करता येईल.

१४.३ मूळ पाठ

(अ) प्रस्थान

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, हा रूढीचा आग्रह त्यांनी मानला नाही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास आईवडिलांचे छत्र हरपले. पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने वारले.

दुःखाने खचून न जाता रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज ठामपणे मांडली. जे इतरांना सांगितले, ते आधी आपण करावे, या विचाराने स्वतः वैद्यक शिकण्याचा त्यांनी निश्चय केला. पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची सोय झाली. एप्रिल १८८३ मध्ये छोटी मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. योगायोग असा, की त्याच महिन्यात त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला वैद्यक शिकण्यासाठी निघाल्या होत्या.

(आ) वाँटेजचा मठ

मे महिन्यात ही मंडळी इंग्लंडमधील वाँटेज या गावी पोहोचली. तेथे सेंट मेरी भगिनीसंघाचा मठ होता. या संघाच्या भगिनी पुण्यातही काम करीत असल्याने ओळखीचा धागा आधीच जुळला होता. रमाबाईंनी फुकटचा आश्रय घेतला नाही. भारतात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि भगिनींनी त्यांना इंग्रजी शिकवावे, असे ठरले. एका हाताने घ्यावे व दुसऱ्या हाताने द्यावे, अशी ही देवघेव होती.

परंतु वैद्यकाच्या वाटेवर एक मोठी धोंड आली. रमाबाईंना ऐकू कमी येत असे. ऐकू न येणाऱ्याला वैद्यकाचे शिक्षण कसे झेपणार? ज्या हेतूने एवढा प्रवास केला, तो हेतूच हातातून निसटला. तेव्हा त्यांनी शिक्षिका होण्याचे ठरवले. वाट बदलली, पण भारतातील स्त्रियांच्या उपयोगी पडायचे, हा मूळ उद्देश त्यांनी बदलला नाही.

याच काळात लंडनच्या फुलम भागातील एका आश्रमाला त्यांनी भेट दिली. समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना भगिनी तेथे मायेने हात देत होत्या. अशा स्त्रियांकडे दयेने पाहता येते, त्यांना पुन्हा माणसांत आणता येते, ही गोष्ट रमाबाईंच्या मनावर खोल ठसली. विचारान्ती २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी एक दुर्दैवी घटना घडली होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांना मनावरचा ताण असह्य झाला आणि त्यांनी आपले जीवन संपवले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या माणसांपासून दूर राहताना मन किती एकाकी होऊ शकते, याची ही दारुण साक्ष आहे. रमाबाईंनी या आघाताचे ओझे घेऊनच पुढचे शिक्षण केले.

धर्मांतराची वार्ता महाराष्ट्रात पोहोचताच टीकेचा भडिमार झाला. कालपर्यंत ज्यांनी गौरव केला, त्यांतील अनेक आज रागावले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

पाठगत प्रश्न १४.१
रिकाम्या जागा भरा.
१. रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी ……… येथे मिळाली.
२. रमाबाई भगिनींना ……… भाषा शिकवीत.
३. ……… यामुळे रमाबाईंना वैद्यकाचे शिक्षण सोडावे लागले.

(इ) चेल्टनहॅमची विद्यार्थिनी

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाल्या. डोरोथिआ बील या तेथील प्रमुख होत्या. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. रमाबाई येथे गणित, सृष्टिविज्ञान आणि इंग्रजी वाङ्मय शिकू लागल्या, आणि त्याच संस्थेत संस्कृतही शिकवू लागल्या. एका तासाला बाकावर बसायचे आणि दुसऱ्या तासाला शिक्षकाच्या जागी उभे राहायचे! मनोरमा वाँटेजला भगिनींपाशी असे. मायलेकींची ताटातूट आणि परक्या भाषेतला अभ्यास असे दुहेरी कष्ट होते. तरीही ज्या भाषेची मुळाक्षरे नुकतीच गिरवली, त्याच भाषेत दोन वर्षांच्या आत त्या धर्मशास्त्रावर लांबलचक पत्रे लिहू लागल्या.

ही पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बरीच पत्रे सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली आहेत. त्या रमाबाईंच्या मार्गदर्शक होत्या. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रातले हे मराठी संबोधन पुरेसे बोलके आहे. नात्यात माया होती, पण मतभेदही तीव्र होते.

पहिला मतभेद ताटातला होता. रमाबाईंनी धर्म बदलला, तरी मांसाहार स्वीकारला नाही. भगिनींना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे, की ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रजांसारखे जेवण्याची गरज नाही. दुसरा मतभेद भाषेचा होता. क्रुसावर लॅटिन शब्द कोरावेत, असे भगिनींना वाटे. रमाबाईंनी संस्कृत शब्दांचा आग्रह धरला. आपल्या देशबांधवांना जी भाषा परकी आहे, ती अधिक पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता.

तिसरा प्रसंग त्यांच्या जिव्हारी लागला. पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवण्याची संधी त्यांना मिळू पाहत होती. भारतातील काही बिशपांनी त्याला हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले, तर भारतात तिची बूज राहणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यावर रमाबाईंनी कळवले, की तरुणांना शिकवण्यास माझ्या आईला वडिलांनी किंवा मला पतीने कधी आडकाठी केली नाही; मग सुधारलेल्या म्हणवणाऱ्या इंग्रजांनी ती करावी, याचे नवल वाटते. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या प्रयासाने फेकून दिल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्याला स्वतःची बुद्धी आणि विवेक आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. श्रद्धा स्वीकारली, म्हणून प्रत्येक अधिकाऱ्यापुढे मान तुकवलीच पाहिजे, असे त्यांना वाटत नव्हते.

मनोरमेच्या संगोपनाचाही प्रश्न होता. मुलगी उत्तम शिकावी, ही आईची इच्छा होतीच. परंतु शिकून ती आपल्या देशातील माणसांना परकी होऊ नये, त्यांच्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू नये, ही त्यांची कळकळ होती.

या मतभेदांत एक बाजू खरी आणि दुसरी खोटी, असा सरळ निवाडा करता येत नाही. ज्या भगिनींनी आसरा दिला, लेकीला सांभाळले, त्यांना रमाबाईंचे बोलणे कृतघ्नपणाचे वाटले असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. आश्रितासाठी ‘नाही’ म्हणणे सर्वांत अवघड असते. रमाबाईंनी ते म्हटले, आणि तरीही ‘आजीबाईं’शी नाते तोडले नाही. हेच त्यांचे मोठेपण होय.

(ई) परतीची वाट

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. आनंदीबाई आपला हिंदू धर्म न सोडता डॉक्टर झाल्या होत्या. रमाबाईंनी धर्म बदलला होता. एकाच महिन्यात देश सोडणाऱ्या या दोघींच्या वाटा भिन्न होत्या, ध्येय मात्र एक होते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी आनंदीबाई निवर्तल्या.

अमेरिकेत रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि आपल्या नियोजित शाळेसाठी मदत मिळवली. १८८९ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. शारदा सदन नंतर पुण्यास हलले. तेथेही धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. आपले रायपूर त्या काळी याच मध्य प्रांतात होते. या दुष्काळपीडित मुलींसाठी पुण्याजवळील केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. क्रुसावर परकी अक्षरे नाकारणाऱ्या विद्यार्थिनीने शेवटी आपला धर्मग्रंथच मायबोलीत आणला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

पाठगत प्रश्न १४.२
चूक की बरोबर ते सांगा.
१. रमाबाई चेल्टनहॅम येथे शिकत आणि शिकवीतही.
२. रमाबाईंनी क्रुसावर लॅटिन शब्दांचा आग्रह धरला.
३. शारदा सदन प्रथम पुण्यात सुरू झाले.

१४.४ पाठाचे आकलन

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यापुढे नेहमी दोन टोके असतात. एक म्हणजे तिकडचे सगळे निमूटपणे स्वीकारणे. दुसरे म्हणजे मनाची दारे लावून घेणे. रमाबाईंनी तिसरी वाट शोधली. पटले ते त्यांनी मोकळेपणाने घेतले, न पटले ते नम्रपणे पण निर्धाराने नाकारले. अन्न, भाषा, काम आणि अपत्य या चार गोष्टींत त्यांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. हे प्रसंग वरवर लहान दिसतात. परंतु माणसाचे स्वत्व अशाच लहान प्रसंगांत टिकते किंवा हरवते.

तुम्हीही घरकाम, नोकरी, मुलेबाळे सांभाळून शिकत असाल. शाळेत कधीच न गेलेली, पदरी लहान मूल असलेली ही विद्यार्थिनी तुम्हाला परकी वाटणार नाही.

१४.५ भाषाभ्यास

वाक्प्रचार व अर्थ
• छत्र हरपणे – आधार नाहीसा होणे
• हात देणे – मदत करणे
• जिव्हारी लागणे – मनाला फार झोंबणे
• बूज राहणे – मान राखला जाणे
• मान तुकवणे – शरण जाणे, मान्य करणे

समास
• मायलेकी – माय आणि लेक (द्वंद्व समास)
• दुष्काळपीडित – दुष्काळाने पीडित (तृतीया तत्पुरुष)
• प्रवासखर्च – प्रवासासाठी खर्च (चतुर्थी तत्पुरुष)

१४.६ तुम्ही काय शिकलात?

• ध्येयाची वाट बदलली, तरी ध्येय टिकवता येते.
• उपकारांची जाणीव ठेवूनही मतभेद व्यक्त करता येतात.
• धर्म, भाषा आणि देश यांचे नाते प्रत्येकाने विचारपूर्वक जोडायचे असते.

१४.७ स्वाध्याय

१. रमाबाई व भगिनी यांच्यातील देवघेव तुमच्या शब्दांत सांगा.
२. ‘आश्रितासाठी “नाही” म्हणणे सर्वांत अवघड असते.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आनंदीबाई जोशी व रमाबाई यांच्या प्रवासातील साम्य आणि फरक लिहा.
४. तुम्ही शिक्षणासाठी दूर गेला आहात, अशी कल्पना करून घरच्यांना पत्र लिहा. तेथील कोणती गोष्ट स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे त्यात सांगा.
५. पाठातील कोणत्याही तीन वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. कलकत्ता २. मराठी ३. कमी ऐकू येणे
१४.२ : १. बरोबर २. चूक ३. चूक