स्वतःच्या नावाने पहिला नंबर येतो, मग एन्क्वायरी का येत नाही? वेबसाइटचं ऑडिट घरच्या घरी

या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीन दाखवत एका वेबसाइटचं ऑडिट केलं. पण मोबाइलवर ती बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि दर मिनिटाला पॉज करून लिहून घ्यायचं म्हणजे कंटाळा. म्हणून तेच इथे सावकाश लिहून देते. एक लॅपटॉप, वेबसाइटची सगळी लॉगिन आणि रविवारची एक दुपार, एवढं पुरे.

"मॅडम, आमची वेबसाइट गूगलवर पहिलीच येते," असं प्रत्येक बॅचला कोणीतरी सांगतंच. मी विचारते, टाइप काय केलं होतं? उत्तर ठरलेलं: स्वतःच्या फर्मचं नाव. अहो, ज्याला तुमचं नाव पाठ आहे त्याच्याकडे तुमचा मोबाइल नंबरही असतो. तो वेबसाइटवर येईल कशाला? आपल्याला हवाय तो माणूस, ज्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण ज्याला उद्या सकाळी तुमचा माल लागणार आहे. त्याला तुम्ही सापडता का, एवढंच आपण तपासणार आहोत.

याची गरज का, ते भोसरी-चाकणवाल्यांना वेगळं सांगायला नको. एकाच कंपनीच्या ऑर्डरवर शेड चालवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, आणि ज्यांचा ग्राहक एकच होता त्यांच्या मशिनी बंद राहिल्या. अनोळखी माणसाची एन्क्वायरी येत राहणं ही त्यावरची स्वस्तातली सोय आहे.

आधी सातबारा बघा

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता, आणि त्याची मालकी म्हणजे सातबारा. ते कोणाच्या ईमेलवर घेतलंय? होस्टिंगचं लॉगिन कोणाकडे आहे? रिन्यूअलचा मेसेज कोणाला जातो? निम्म्या लोकांचं उत्तर असतं, "तो मुलगा बघतो सगळं." तो मुलगा उद्या बंगळुरूला नोकरीला गेला, फोन उचलेना, आणि डोमेनची मुदत संपली, तर इतक्या वर्षांत मिळवलेलं रँकिंग एका दिवसात जाऊ शकतं. तेव्हा बाकी काहीही करण्याआधी डोमेन, होस्टिंग, गूगल बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल, चारही तुमच्या स्वतःच्या ईमेलवर मालक म्हणून आणा. ज्याने काम केलं त्याला मॅनेजर म्हणून जरूर ठेवा, वाद घालू नका.

यातच एक जुनं प्रकरण येतं. बिझनेस प्रोफाइलसोबत गूगल फुकटात एक पानी वेबसाइट देत असे, तिच्या पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असायचं. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलवर वळवलं जात होतं, नंतर तेही थांबलं. तुमच्या बिलबुकावर, फ्लेक्सवर किंवा डिरेक्टरीत अजून तो पत्ता असेल, तर ग्राहक बंद शटरसमोर उभा आहे असं समजा.

गूगलला तुमची वेबसाइट दिसते तरी का?

गूगलच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द टाका, त्याला चिकटून कोलन, म्हणजे ते दोन ठिपके, आणि जागा न सोडता तुमचं डोमेन. आता जी यादी येईल ती साधारणपणे गूगलकडे नोंद असलेली तुमची पानं. वेबसाइटवर १२ पानं आहेत आणि यादीत २ आली, तर शोधाशोध इथूनच सुरू. एकही आलं नाही, तर वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन रीडिंग उघडा. तिथे "डिस्करेज सर्च इंजिन्स" नावाचा एक चौकोन असतो. वेबसाइट बनत असताना डेव्हलपर त्यावर टिक करतात, जेणेकरून अर्धवट काम गूगलवर जाऊ नये. ती टिक काढायची राहून जाते. एवढ्याशा टिकेमुळे वेबसाइट वर्षभर अंधारात बसलेली मी पाहिली आहे, आणि मालक दर महिन्याला एसईओचे पैसे भरतोय.

पक्की माहिती सर्च कन्सोलमध्ये मिळते. हे गूगलचं फुकट साधन आहे. नोंदणी करताना मालकी सिद्ध करावी लागते, त्यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची असते. (म्हणून आधी सातबारा म्हटलं.) त्यातल्या पेजेस रिपोर्टमध्ये कोणतं पान नोंदलं गेलं नाही आणि का, ते कारणासकट लिहिलेलं असतं. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोकांनी काय शोधलं तेव्हा तुम्ही दिसलात, किती वेळा दिसलात, किती क्लिक झाले आणि सरासरी कितव्या नंबरवर होतात, हे सगळं १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. नवीन नोंदणी केली तर आकडे जमायला थोडे दिवस द्या.

आणि कृपा करून स्वतःच्या फोनवर स्वतःलाच शोधून नंबर ठरवू नका. तुम्ही शेडमध्ये बसून शोधता, तेव्हा गूगलला तुमची जागा माहीत असते. तुम्ही रोज तेच पान उघडता, हेही त्याला कळत असतं. सर्च कन्सोलचा सरासरी नंबर जास्त खरा.

ग्राहक कोणत्या शब्दांनी शोधतो

खरं काम इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवू.

व्हिडिओतली वेबसाइट आमच्या बॅचमधल्या एका ताईंची होती. चाकणजवळ खराबवाडीला त्यांचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. त्यांचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडला, तर वरचे सगळे शब्द म्हणजे त्यांच्याच फर्मचं नाव, वेगवेगळ्या स्पेलिंगने. खोकं हा शब्द नाही, बॉक्स नाही, चाकण नाही. कारण वेबसाइटवर ते शब्द नव्हतेच! होम पेजवर "वेलकम टू अवर वेबसाइट", खाली "लीडिंग मॅन्युफॅक्चरर, क्वालिटी इज अवर मोटो". प्रॉडक्ट्सच्या पानावर कॅटलॉगचे स्कॅन केलेले फोटो. ब्राउझरच्या टॅबवर नुसतं "होम".

आता पर्चेसमधला माणूस काय टाइप करतो ते बघा. तो क्वालिटी शोधत नाही. तो शोधतो "फाइव्ह प्लाय कोरुगेटेड बॉक्स चाकण", "ऑटो पार्ट पॅकिंग बॉक्स विथ पार्टिशन", "व्हीसीआय बॅग सप्लायर पुणे". हे शब्द डोकं खाजवून शोधायची गरज नाही, ते तुमच्या जुन्या पर्चेस ऑर्डरवर छापलेले आहेत. मागच्या वर्षीची फाइल काढा. व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा मेसेज केलेल्या ग्राहकाने तुमच्या मालाला काय म्हटलं होतं ते वाचा. माझं भोसरीत सेफ्टी शूज आणि हँडग्लोव्ह्जचं दुकान आहे. कंपनीवाले "पीपीई" लिहितात, काउंटरवर येणारे "लोखंडी टोपीचे बूट" म्हणतात. दोन्ही शब्द वेबसाइटवर हवेत.

ताईंसोबत आम्ही काय केलं? एका पानावर सगळं कोंबण्याऐवजी प्रत्येक मुख्य मालाला एक पान दिलं: तीन प्लाय, पाच आणि सात प्लाय, डाय-कट बॉक्स, पार्टिशन, व्हीसीआय पॅकिंग. प्रत्येक पानाचं टायटल, म्हणजे गूगलवर निळ्या अक्षरात दिसणारी ओळ, वेगळं: आधी माल, मग जागा, शेवटी फर्मचं नाव. आणि पानावर ग्राहक फोनवर जे विचारतो तेच लिहिलं. कमीत कमी किती नग? प्रिंटिंग किती रंगात? सॅम्पल किती दिवसांत? रांजणगावला गाडी जाते का? जीएसएम आणि बर्स्टिंग फॅक्टर काय देता? ही उत्तरं ताईंना तोंडपाठ होती. कागदावर उतरवायला दीड तास लागला, आणि असं पान कोणतीही एजन्सी स्वतःहून लिहू शकत नाही, कारण तिला तुमचा धंदा माहीतच नसतो.

एक मोह टाळा. "बॉक्स मॅन्युफॅक्चरर भोसरी", "बॉक्स मॅन्युफॅक्चरर मोशी", "बॉक्स मॅन्युफॅक्चरर तळवडे" अशी फक्त गावाचं नाव बदललेली वीस पानं बनवून देणारे भेटतील. गूगलच्या स्पॅमच्या नियमांत ही डोअरवे पेजेस म्हणून मोडतात, आणि त्यापायी पूर्ण वेबसाइट मागे जाऊ शकते. खरंच निघोजे-म्हाळुंगेला रोज डिलिव्हरी असेल, तर एका पानावर तसं सरळ लिहा.

मराठी मजकुराची एक खास अडचण

ज्यांचा ग्राहक घरगुती आहे, म्हणजे क्लास, पोळी-भाजी केंद्र, ब्यूटी पार्लर, त्यांच्या वेबसाइटवर मराठी असतं आणि असायलाच हवं. पण तो मजकूर बहुतेक वेळा फ्लेक्सवाल्याकडून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला असतो, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. त्या फॉन्टच्या नॉन-युनिकोड मजकुरात डोळ्याला मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा असतो. गूगल तो खिचडाच वाचतं.

तपासायचं कसं? वेबसाइटवरची एक मराठी ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठीच उमटली तर ठीक, वेडीवाकडी चिन्हं आली तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. ओळ कॉपीच होत नसेल तर तो फोटो आहे. फोटोतल्या अक्षरांच्या भरवशावर रँकिंग येत नाही. तीच माहिती पानावर अक्षरांत लिहा.

मोबाइल आणि वेग

गूगल आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच धरून चालतं. लॅपटॉपवर दिसणारा मजकूर मोबाइलच्या पानावरून काढूनच टाकला असेल, तर तो नसल्यासारखाच. पेजस्पीड इन्साइट्सवर तुमचा पत्ता टाका आणि मोबाइलचा भाग बघा. मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि पान लोड होताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये. १०० पैकी १०० मिळवायच्या मागे लागू नका. लहान वेबसाइटचा दोष बहुतेक वेळा एकच असतो: फोनमधून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच्या तसे चढवलेले. ते लहान करा. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेली गूगलची मोबाइल-फ्रेंडली टेस्ट शोधू नका, ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली.

पत्त्याच्या पट्टीत "नॉट सिक्युअर" दिसत असेल तर होस्टिंगवाल्याला एसएसएल लावायला सांगा. बहुतेक ठिकाणी ते फुकट मिळतं.

पत्ता, फोन, नकाशा

नकाशासकट येणाऱ्या यादीत वर यायला गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर, आणि तुमची ओळख किती आहे ते. अंतर तुमच्या हातात नाही. पण पिन बरोबर जागी आहे का, हे आहे! भोसरीत ब्लॉक आणि प्लॉट नंबर तरी असतो. चाकणला निम्मे पत्ते गट नंबरचे, आणि एका गटात दहा शेड. तिथे पिन स्वतः उभं राहून लावा, शेडच्या गेटचा फोटो टाका. वेबसाइट, प्रोफाइल, इंडियामार्ट, जस्टडायल, सगळीकडे नाव, पत्ता आणि फोन एकसारखा ठेवा. एकीकडे "एंटरप्रायझेस", दुसरीकडे "इंडस्ट्रीज", तिसरीकडे बंद पडलेला ०२१३५ चा लँडलाइन, असं नको.

पॅकेज विकणाऱ्याला काय विचारायचं

एवढं झाल्यावर कोणाला पैसे द्यायचे तर जरूर द्या, चांगलं काम करणारेही आहेत. पण "पहिल्या पानाची गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. महिन्याच्या रिपोर्टमध्ये "मेटा कीवर्ड्स टाकले" असं काम दाखवलं असेल, तर त्याला सांगा की गूगल वेब सर्चमध्ये ते वापरत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झालंय. "पाचशे बॅकलिंक" विकणाऱ्याला पाच दाखवायला सांगा आणि त्या वेबसाइट उघडून बघा. ज्याला तुमचा माल लागतो असा एक तरी माणूस तिथे येत असेल का?

बदल केल्यावर त्या-त्या पानाचा पत्ता सर्च कन्सोलच्या युआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून "रिक्वेस्ट इंडेक्सिंग" दाबा आणि तारीख वहीत लिहा. रोज बघू नका. फायदा दिसायला चार महिने ते एक वर्ष लागू शकतं, असं गूगलच सांगतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये तुमच्या फर्मचं नाव असलेले शब्द गाळून टाका, त्यासाठी फिल्टर आहे. उरतील ते अनोळखी लोकांचे शब्द. ताईंच्या रिपोर्टमध्ये सध्या "पार्टिशन बॉक्स चाकण" नव्याने दिसायला लागलाय, नंबर अजून दुसऱ्या पानावरचा आहे. त्या पानावर आता पार्टिशनचे मोजमाप घातलेले फोटो चढवायचं काम चालू आहे.