हरणासाठी आणि चांदमारीसाठी एकच रायफल

प्रश्न : मी डेन्व्हरजवळ राहतो. यंदा प्रथमच म्यूल डिअरच्या शिकारीला जायचे आहे. एरवी रेंजवर नेमबाजी करीन. .२२३, .२४३ की ६.५ क्रीडमूर?

उत्तर : .२२३ लगेच बाजूला ठेवा. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर आणि ७० ग्रेनची, लागल्यावर पसरणारी गोळी बंधनकारक आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. एवढ्याशा गोळीने जखमी झालेले जनावर मैलभर तडफडत जाते, आणि ते पाप शिकाऱ्याचेच.

.२४३ विंचेस्टर १९५५ पासून हरणासाठी वापरात आहे. तिचा धक्का सौम्य असतो, त्यामुळे नवखा माणूस चाप ओढताना दचकत नाही. मात्र रेंजवर भरपूर फैरी झाडल्या तर तिची नळी लवकर झिजते. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये मुळात स्पर्धांसाठीच घडवली गेली. तिच्या लांब, निमुळत्या गोळ्या वाऱ्यात कमी भरकटतात आणि नळीही जास्त टिकते. धक्का किंचित अधिक, पण सहज पेलणारा. तुम्हाला दोन्ही कामे करायची आहेत, तेव्हा माझे मत निःसंशय क्रीडमूरला. शिकारीसाठी १४० ग्रेनच्या आसपासची पसरणारी गोळी घ्या. चांदमारीची गोळी जनावरावर कधीही वापरू नका.

एच-१बी व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवाना हातात आल्याशिवाय रायफल विकत घेऊ नका.