समुद्री सशाची स्मरणशक्ती

समुद्रात एक प्राणी राहतो. त्याला 'समुद्री ससा' म्हणतात. पण तो ससा नव्हे, ती एक प्रकारची गोगलगाय आहे. तिच्या डोक्यावरचे दोन स्पर्शक सशाच्या कानांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले. शास्त्रज्ञ तिला 'अप्लिजिया' म्हणतात. ती समुद्रातील शेवाळ खाते आणि कोणी छेडले तर जांभळा रंग सोडते.

या प्राण्याचा अभ्यास एरिक कँडेल यांनी केला. त्यांचा जन्म १९२९ साली व्हिएन्ना येथे एका यहुदी कुटुंबात झाला. नाझींच्या जुलमामुळे १९३९ साली त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. पुढे ते डॉक्टर झाले. आठवण मेंदूत कशी टिकते, हा प्रश्न त्यांना सतावत होता. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. समुद्री सशात त्या अवघ्या वीस हजार! शिवाय त्यांतील काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून कँडेल यांनी हाच प्राणी निवडला. गोगलगायीकडून माणसाला काय कळणार, असे अनेक ज्येष्ठ शास्त्रज्ञांना वाटले. कँडेल यांनी आपला हट्ट सोडला नाही.

समुद्री सशाच्या पाणी सोडण्याच्या नळीला हलकेच स्पर्श केला, की तो आपला कल्ला थोडासा आत ओढून घेतो. शास्त्रज्ञांनी असा स्पर्श केला आणि लगेच, अर्ध्या सेकंदात, त्याच्या शेपटीला विजेचा झटका दिला. असे अनेक वेळा केल्यावर नुसत्या स्पर्शानेही तो कल्ला जोराने आत ओढू लागला. तो शिकला होता! मात्र झटका आधी आणि स्पर्श नंतर, असे केले तर तो हे शिकत नसे.

असे का? वीज चमकली, की आपण कानांवर हात ठेवतो. कारण गडगडाट नंतर येतो. पण एका पेशीला 'आधी' आणि 'नंतर' कसे कळते?

इथे कॅल्शियमचे काम आहे. होय, हाडांत आणि दुधात असते तेच कॅल्शियम. स्पर्श होताच ते चेतापेशीत शिरते. तेथे 'कॅल्मोड्युलिन' नावाचे प्रथिन, म्हणजे प्रोटीन, असते. त्याला कॅल्शियम धरण्यासाठी चार जागा आहेत. कॅल्शियम धरले, की त्याचा आकार बदलतो आणि ते पेशीतील एका विकराला कामासाठी तयार करते. एवढ्यात शेपटीच्या झटक्यामुळे 'सेरोटोनिन' हे रसायन त्याच पेशीपाशी येते. तयार असलेला विकर मग कितीतरी जोराने काम करतो आणि पेशीचा संदेश बळकट होतो. क्रम उलटला, तर सेरोटोनिन येते तेव्हा कॅल्शियम आलेलेच नसते.

आपण घरी जिला याददाश्त म्हणतो, ती अशी पेशीपेशींत घडत असते. कँडेल यांना २००० साली दोन अन्य शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. कॅल्मोड्युलिन आपल्या मेंदूतही असते.

स्वाध्याय

१. कँडेल यांनी समुद्री ससा का निवडला?
२. झटका आधी दिल्यास समुद्री ससा का शिकत नाही?
३. वाक्यात उपयोग करा : सतावणे, हट्ट न सोडणे.