बाबांची पद्मिनी भंगारात द्यायची का?

प्रश्न : वडिलांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं सोसायटीत उभी आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का? सुटे भाग मिळतील? – एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : व्हिंटेज नोंदणी आत्ता नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमची पाळी २०३५ साली. शिवाय ‘व्हीए’ क्रमांक मिळाला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. त्यापेक्षा कल्याण आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून पाच वर्षांचं नूतनीकरण घ्या.

भागांची चिंता कमी करा. १९६४ च्या फियाट ११००डीपासून इंजिन तेच, १०८९ सीसीचं, त्यामुळे बरेच भाग एकमेकींना चालतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. इतकी वर्षं हा बाजार काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी जगवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या आणि भार हौशी मालकांवर आला. म्हणून मालकांच्या एखाद्या गटात जरूर जा. कुठला मिस्त्री कार्ब्युरेटर नीट लावतो, हे तिथेच कळतं. तुमच्या शेजारी, प्रीमियरच्याच कल्याण कारखान्यात बनलेल्या प्यूजो ३०९ ला असा गोतावळा लाभला नाही, तिचे भाग शोधताना दमछाक होते.

लगेच स्टार्टर मारू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ब्रेकचे रबर बदला. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, तेही नवे घाला. रंगाचा खर्च शेवटी. आधी पायाखालचा पत्रा ठोकून गंज पाहा.