वाटल्याने टिकणारे बियाणे : कमला पुजारी यांचे स्मरण



आपल्याकडे भाताची लावणी ऐन भरात असताना, २० जुलै २०२४ रोजी ओडिशातील कटक येथे कमला पुजारी यांचे निधन झाले. कोरापूट जिल्ह्यात जेपूर शहराजवळ पात्रापुट नावाचे खेडे आहे. तेथील परजा या आदिवासी जमातीतील ही शेतकरी महिला. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. परंतु भाताच्या शंभरावर स्थानिक जाती त्यांनी राखल्या आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्याआधी २००४ मध्ये ओडिशा शासनाने उत्कृष्ट महिला शेतकरी म्हणून त्यांचा गौरव केला होता आणि २०१८ मध्ये राज्य नियोजन मंडळावर त्यांची नेमणूक झाली होती. भुवनेश्वरच्या कृषी विद्यापीठातील मुलींच्या वसतिगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. कृषी पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुली शाळा न पाहिलेल्या शेतकरी स्त्रीच्या नावाच्या इमारतीत राहतात, ही गोष्ट आम्हा शिकविणाऱ्यांनी वरचेवर आठवावी अशी आहे.

कोरापूटचे महत्त्व थोडे समजून घेतले पाहिजे. हा डोंगराळ पट्टा भातपिकाच्या विविधतेचे एक प्रमुख केंद्र मानला जातो. १९५५ नंतरच्या काही वर्षांत भात संशोधकांनी या भागात फिरून सतराशेहून अधिक स्थानिक जातींचे नमुने गोळा केले होते. पुढे सुधारित वाण आले, बाजार बदलला, जंगल हटले आणि चाळीस वर्षांत शेतात उभ्या दिसणाऱ्या जातींची संख्या काहीशेवर आली. सुधारित वाणांनी देशाची भूक भागविली, हे आम्ही कृषिविद्येचे लोक नाकारणार नाही. पण एखादी जात शेतातून गेली की तिच्याबरोबर तिचा वास, तिचे पाणी सोसणे, तिचे रोगाला तोंड देणे हेही जाते. पुढच्या वाणासाठी संशोधकाला जो कच्चा माल लागतो, तोच कमी होतो.

अशा काळात कमला पुजारी यांनी आपल्या व आसपासच्या गावांत दारोदार फिरून बियाणे जमविले. १९९४ च्या सुमारास जेपूर येथे काम करणाऱ्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाशी त्यांचा संबंध आला आणि या कामाला दिशा मिळाली. २००२ साली जोहान्सबर्ग येथे कोरापूटच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कामाला इक्वेटर पारितोषिक मिळाले. २०१२ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने कोरापूटच्या पारंपरिक शेतीला जागतिक वारशाचे स्थान दिले, आणि २०२४ च्या जानेवारीत तेथील काळाजिरा या काळ्या तुसाच्या, बारीक, सुवासिक भाताला भौगोलिक मानांकन लाभले. यातील प्रत्येक गोष्ट एकट्या बाईंनी केली असे नव्हे. पण त्यांच्यासारख्यांनी बी राखलेच नसते, तर मानांकन द्यायला शेतात काय उरले असते?

वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी लिहिताना ‘जपणूक’ हा शब्द फार वापरला. त्याने असे वाटते, की बाईंनी बियाणे कुलपात ठेवले होते. प्रत्यक्षात त्या बी मागून आणीत आणि तसेच देत. शास्त्राच्या दृष्टीनेही हीच रीत योग्य ठरते. शासकीय जनुकपेढीत बी कोरडे करून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात, तेथे ते अनेक वर्षे टिकते. आपल्या घरातील दमट हवेत भाताचे बी एक-दोन पावसाळ्यांत उगवण गमावते. म्हणजे घरी राखायचे ते बी दरवर्षी पेरावेच लागते, आणि पेरले की पूर, खोडकिडा, मोकाट गुरे हे धोके आलेच. एकाच घरी एकच मडके असेल तर एका वाईट हंगामात जात संपते. तेच बी दहा घरी दिलेले असेल तर कोणा एकाकडे तरी उरते.

आता हे आपल्या शेतावर कसे करावे ते पाहू.

भाताचे बी धरणे

भात हे प्रामुख्याने स्वपरागीभवन होणारे पीक असल्याने त्याची शुद्धता राखणे सोपे आहे. दोन जातींमध्ये तीन मीटर अंतर ठेवले तरी काम भागते. आंबेमोहर, घनसाळ, कोळपी, रायभोग, जी कोणती जुनी जात आपल्याकडे असेल, तिच्यासाठी बांधाकडेचा नव्हे तर खाचराच्या मधला एक गुंठा राखून ठेवावा. फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि दाणे पक्व होताना असे तीन वेळा फिरून वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची, लवकर वा उशिरा निसवणारी झाडे उपटून टाकावीत. कापणीपूर्वी निरनिराळ्या झाडांवरील निरोगी, भरदार अशा शंभर लोंब्या निवडून स्वतंत्र कापाव्यात. एकाच चांगल्या चुडातून सगळ्या लोंब्या घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्थानिक जातीत झाडागणिक थोडा फरक असतो आणि तोच तिला पडत्या वर्षात तारतो.

शंभर लोंब्यांपासून साधारण पाव किलो बी मिळते. एवढे बी एक गुंठा लावणीस पुरते. त्या गुंठ्यात स्थानिक जातीचे वीस किलो भात आले तरी पुढील वर्षी दोन एकरांची सोय झाली. म्हणजे आपल्या गुंठ्यापुरते ठेवून चार-पाच शेजाऱ्यांना दोन-दोन किलो दिले, तरी कणगीत शिल्लक राहते. उदारपणाला लागणारा खर्च इतकाच आहे. काही गावांतील बीज बँकांत घेतल्याच्या दुप्पट बी परत करण्याचा नियम असतो. तो चांगला आहे. मात्र पीक बुडालेल्या घरी तो लावू नये.

बी चटईवर सकाळच्या उन्हात वाळवावे, दुपारच्या तापलेल्या सिमेंटवर नको. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. शंका असल्यास कोरड्या काचेच्या बरणीत चमचाभर कोरडे मीठ व मूठभर बी घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल बाकी आहे. न चिकटले तरी एक-दोन उन्हे जास्त द्यावीत, कारण साठवणीत ओलावा १३ टक्क्यांच्या वर नसावा. गाडग्यात चाळलेली कोरडी राख व सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालून तोंड लिंपून घ्यावे. चवळी, वालाच्या बियाण्यास भुंगेरा फार लागतो. एक किलो बियाण्यास पाच मिलि खाद्यतेल चोळल्यास तो आटोक्यात राहतो. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. भाताचे ८० च्या खाली उगवले तर बी वाढवून टाकावे.

परसातील वेल

परसबागेत गोष्ट वेगळी आहे. भोपळा, दुधी, दोडका, काकडी यांत नर व मादी फुले वेगळी असतात. भुंगे, मधमाश्या शेजारच्या वेलाचे पराग आणतात आणि पुढच्या वर्षी आजीच्या वेळच्या दुधीला भलतीच फळे येतात. बियाणे कंपन्या यासाठी शेकडो मीटर अंतर ठेवतात. घराशेजारी ते शक्य नाही, म्हणून हाताने परागीभवन करावे. मादी कळीच्या देठाशी लहानसे फळ असते, त्यावरून ती ओळखू येते. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एक-दोन नर व मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात. सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलावर टेकवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधावे. नर फूल त्याच जातीच्या दुसऱ्या वेलावरचे असल्यास उत्तम. तांबडा भोपळा व काकडी सकाळी उमलतात. दुधी व दोडका संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्या कळ्या दुपारी बांधून काम दिवेलागणीपूर्वी करावे. फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधावी, नाहीतर ते भाजीत जाते! दुधी वेलावरच वाळून आत बी खुळखुळू लागेपर्यंत ठेवावा. तांबडा भोपळा तोडल्यावर दोन-तीन आठवडे तसाच ठेवून मग बी काढावे.

बियाणे देणेघेणे कायद्यात बसते का, असे पुष्कळजण विचारतात. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीप्रमाणे छाप मारून विकता येत नाही. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. त्यास कायद्याची आडकाठी नाही, पण दुसऱ्या पिढीत पीक एकसारखे येत नाही.

आपल्या राज्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांच्या गावठी वाणांची अशीच बीज बँक उभी केली आहे. त्याही कधी शाळेत गेल्या नाहीत आणि त्यांनाही पद्मश्री मिळाली आहे. त्यांच्याकडील वालांच्या जाती एकदा पाहून याव्यात. एका पिकात किती रंग असतात हे पुस्तकातून कळत नाही.

पुष्कळ घरी अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करतात, म्हणून वाटायच्या पुड्या त्यापूर्वीच बांधून ठेवाव्यात. पुडीवर जातीचे गावातील नाव, काढणीचा महिना, पिकाचे दिवस आणि बी कोणाकडून आले ते लिहावे. एका वहीत, आपण ते कोणाकोणाला दिले त्यांची नावे टिपून ठेवावीत. एखाद्या वर्षी आपल्या गाडग्याला बुरशी लागली, तर ते बी परत मागायला जाण्याची घरे तीच असतात.